समुद्रपातळीखालचा रस्ता

वर्तुळाला एकाच बिंदूत स्पर्श करून जी रेषा पुढे निघून जाते, तिला भूमितीत स्पर्शिका म्हणतात. शाळेत ही आकृती आपण सर्वांनी काढलेली आहे. परंतु एखाद्या देशाने आपल्या बसमार्गाला हेच नाव द्यावे, ही गोष्ट विरळाच. नेदरलँड्स, म्हणजे आपण ज्याला सरसकट हॉलंड म्हणतो त्या देशात, 2002 सालच्या जानेवारी महिन्यात एक बससेवा सुरू झाली. तिचे नाव ठेवले गेले ‘झाउडटांगेंट’, म्हणजे दक्षिण स्पर्शिका. वर्तुळ ते आम्स्टरडॅम शहराचे. आणि स्पर्शिका ती त्याच्या दक्षिणेकडून, शहराच्या पोटात न शिरता, कडेकडेने जाणारी ही सुमारे 41 किलोमीटरांची वाट. 2011 सालच्या अखेरीस ते जुने नाव मागे पडले. आज ही बस ‘आर-नेट’ या सेवेतील क्रमांक 300 ची बस म्हणून ओळखली जाते. तरीही जुनी माणसे पहिलेच नाव घेतात.

हार्लेमच्या आगगाडी स्टेशनापासून निघून होफडोर्पचे स्टेशन, स्किफोलचा विमानतळ, आम्स्टलव्हेनचे बस स्थानक असे करीत ती आम्स्टरडॅमच्या आग्नेय टोकाला असलेल्या बेल्मर स्टेशनापर्यंत जाते. तीन आगगाडी स्टेशने, एक विमानतळ व त्या विमानतळाच्या पोटातील चौथे स्टेशन अशी गाठ ती एका दोऱ्यात बांधते. सबंध प्रवासाला सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. या सव्वा तासात जे पाहावयास मिळते, ते केवळ एका बसचे कौतुक नव्हे. माणसाने पाण्यातून भूमी कशी काढली, त्या भूमीवर कोण कोण येऊन राहिले आणि त्यासाठी कोणती किंमत मोजावी लागली, याचा तो एक सलग इतिहास आहे.

प्रारंभ हार्लेमपासून करू. नेदरलँड्समधील पहिली आगगाडी 1839 सालच्या सप्टेंबर महिन्याच्या 20 तारखेला धावली, ती आम्स्टरडॅम आणि हार्लेम यांच्या दरम्यान. आज जे स्टेशन उभे आहे ते विसाव्या शतकाच्या आरंभीचे. त्याचे लाकूडकाम, रंगीत फरशा व जुन्या वळणाची अक्षरे पाहत प्रवासी क्षणभर थबकतो. स्टेशनाबाहेर पडले की बसचे थांबे समोरच आहेत. चिटणीस-कारकुनापासून शाळकरी मुलापर्यंत सर्व जण तेथे उभे असतात. घाई मात्र कोणाच्याच चेहऱ्यावर दिसत नाही. कारण दिवसा साधारण दर दहा मिनिटांनी, गर्दीच्या वेळी त्याहूनही लवकर, पुढची बस येते. एक चुकली तर दुसरी आहे, हा विश्वास माणसाच्या चालण्याबोलण्यात उतरतो. आमच्याकडे दिवसातून दोनदा येणाऱ्या गाडीसाठी तासभर आधी फाट्यावर जाऊन बसणाऱ्या वाचकांना या विश्वासाचे मोल निराळे सांगावयास नको.

हार्लेमच्या मधोमध संत बावो यांच्या नावाचे प्रचंड प्राचीन चर्च उभे आहे. ते मूळचे कॅथलिकांचे. धर्मक्रांतीच्या धुमाळीत, 1578 साली, मे महिन्याच्या 29 तारखेला, नेमक्या ख्रिस्तशरीराच्या सणाच्या दिवशी, सैनिक या मंदिरात घुसले. मूर्ती फुटल्या, रक्त सांडले, आणि ते मंदिर कॅथलिकांच्या हातून गेले. त्यापुढे दोन शतकांहून अधिक काळ या देशातील कॅथलिकांना उघडपणे उपासना करण्यास बंदी होती. बाहेरून साधे घर अथवा गुदाम दिसावे आणि आत वेदी असावी, अशा गुप्त मंदिरांतून त्यांनी आपली श्रद्धा जपली. 1853 साली तेथे बिशपांची नेमणूक पुन्हा रीतसर सुरू झाली. पुढे 1895 पासून हार्लेममध्ये त्याच संत बावो यांच्या नावाने नवे कॅथेड्रल बांधावयास घेतले, ते पुरे होण्यास 1930 साल उजाडले. एकाच गावात एकाच संताच्या नावाची अशी दोन मंदिरे आज शांतपणे नांदत आहेत. जुन्या मंदिरातील भव्य ऑर्गन 1766 साली बालक मोझार्टने वाजविला होता. तोही आज कोणा एका पंथाचा न राहता सबंध गावाचा झाला आहे.

त्याच गावात, बाजारातील एका अरुंद रस्त्यावर, टेन बूम नावाच्या घड्याळजींचे दुकान होते. हे कुटुंब प्रॉटेस्टंट पंथाचे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने देश व्यापला असता त्यांनी आपल्या घरात, एका खोट्या भिंतीमागे, जिवावर उदार होऊन यहुदी बांधवांना लपविले. 1944 सालच्या फेब्रुवारीत कुटुंबाला अटक झाली. वृद्ध पिता थोड्याच दिवसांत तुरुंगवासात वारले. एक कन्या छळछावणीत मरण पावली. दुसरी, कोरी, जिवंत परतली. भिंतीमागे दडलेले सहाही जण मात्र शत्रूच्या हाती लागले नाहीत. ते घर आज संग्रहालय म्हणून जतन केलेले आहे.

बस हार्लेमच्या गल्ल्यांतून निघते तेव्हा ती इतर वाहनांसारखीच वळत-थांबत चालते. स्पार्ने नदी ओलांडून, साठ-सत्तर वर्षांपूर्वी वसविलेल्या स्खाल्कवेक वस्तीत ती आली, की तिचे खरे रूप दिसू लागते. येथून पुढे बऱ्याच अंतरापर्यंत तिला स्वतःचा वेगळा रस्ता आहे. त्यावर मोटारींना प्रवेश नाही. चौकापाशी ती येऊ लागली की आधीच संकेत जातो, आणि बाकीची वाहने थांबवून दिवा तिला वाट मोकळी करून देतो. थांबे दूर दूर आहेत. प्रत्येक थांब्याचा चौथरा बसच्या तळाच्या उंचीशी मिळता ठेवलेला, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला पाय उचलावा लागत नाही, बाळाची ढकलगाडी व अपंगाची खुर्ची सहज आत जाते. पुढेमागे येथे लोहमार्ग घालता यावा, अशा बेताने हा रस्ता आखलेला आहे. पण आगगाडीची वाट पाहत लोकांना खोळंबून ठेवण्यापेक्षा आगगाडीसारखी वागणारी बस आधी द्यावी, असा त्यातला व्यवहार आहे. उताराची चढताना व उतरताना दोन्ही वेळा यंत्रापुढे कार्ड धरावयाचे, एवढीच तिकिटाची रीत. जितके अंतर जावे तितकेच भाडे.

स्खाल्कवेक मागे पडते न पडते तोच एक कालवा लागतो. त्याच्या पलीकडे बस उतरू लागते. उतार इतका सौम्य, की लक्ष नसेल तर ध्यानातही येऊ नये. परंतु खिडकीतून मागे पाहिले असता कालव्यातील नौका आपल्या डोक्याच्या उंचीवरून जाताना दिसते. पाणी वर आणि माणसे खाली! हाच तो हार्लेमरमेरचा वेढा-कालवा, सुमारे 60 किलोमीटर लांबीचा; आणि आपण आता एका नाहीशा झालेल्या सरोवराच्या तळावर आलो आहोत.

‘मेर’ म्हणजे सरोवर. मध्ययुगात येथे लहानलहान तळी होती. वाऱ्याने लाटा उठत, लाटा मऊ काठ खात, आणि तळी एकमेकांत मिसळत गेली. गावेच्या गावे त्यांनी गिळली. लोकांनी या पाण्याला ‘पाण्याचा लांडगा’ असे नाव दिले होते. 1641 साली लेखवाटर नावाच्या कुशल कारागिराने 160 पवनचक्क्या लावून हे सरोवर उपसावे अशी योजना छापून मांडली. तिच्यावर चर्चाच फार झाली. अखेर 1836 सालच्या नोव्हेंबरातील वादळाने सरोवराचे पाणी आम्स्टरडॅमच्या वेशीपर्यंत लोटले, आणि त्याच वर्षीच्या नाताळात दुसऱ्या वादळाने ते लायडन शहराकडे ढकलले. तेव्हा राज्यकर्त्यांचे डोळे उघडले. 1840 साली भोवतीचा कालवा व बांध यांचे काम सुरू झाले. वाफेवर चालणारे तीन प्रचंड उपसाकारखाने उभे राहिले. त्यांपैकी एकास लेखवाटर याचे नाव दिले गेले, हा दोनशे वर्षांनी झालेला सन्मान! दुसऱ्याचे नाव लिंडेन, तिसऱ्याचे क्रुकियस. क्रुकियसच्या यंत्राचा मोठा नळकांड्याचा भाग 3.66 मीटर व्यासाचा असून तो इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे ओतलेला आहे. जगातील सर्वांत मोठ्या वाफेच्या यंत्रांत त्याची गणना होते. आठ तुळयांच्या हातांनी पाणी उचलणारे हे यंत्र 1933 साली थांबले. आज त्याचे संग्रहालय झाले आहे.

तीन वर्षांहून अधिक काळ हे उपसणे अहोरात्र चालले, आणि 1852 सालच्या जुलै महिन्यात सरोवर कोरडे झाल्याचे जाहीर झाले. सुमारे 18,000 हेक्टर भूमी मिळाली. समुद्रपातळीच्या चार-पाच मीटर खाली! पंप बंद पडले तर आजही येथे पाणी पुन्हा भरेल. म्हणून ते कधीच बंद पडू दिले जात नाहीत.

पण वाचकहो, या विजयाची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. सरकारने कोरडी झालेली जमीन लिलावाने विकली, आणि पुढचे काम विकत घेणाऱ्यांवर सोडून दिले. ओल्या चिखलात झोपड्या बांधून मजूर व कुळे राहू लागली. धड रस्ता नाही, शाळा नाही, दवाखाना नाही. हिवताप व पटकी यांनी माणसे मेली. पहिल्या पिढीतील कित्येक शेतकरी धुळीस मिळाले, आणि ज्यांच्या घामाने ही काळी भूमी सुपीक झाली, त्यांतील पुष्कळांना तिचा दाणा लाभला नाही. पाणी काढणे हे यंत्राचे काम. गाव वसविणे हे माणसाचे काम, आणि ते कितीतरी पटींनी कठीण, हा धडा हार्लेमरमेरने त्या देशाला शिकविला. पुढे विसाव्या शतकात त्यांनी समुद्रातून आणखी भूमी काढली, तेव्हा रस्ते, घरे व शाळा आधी आखून मग माणसे बोलावली.

या खालच्या भूमीवरील पहिला थांबा फाइफहाउझनचा. नावाचा अर्थ ‘पाच घरे’. 2002 साली येथे फुलाफळांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. नवी बस त्याच वर्षी सुरू झाल्याने लक्षावधी लोकांना तिची ओळख झाली. परंतु आता त्या उद्यानाकडे लोक दुसऱ्याच कारणाने येतात. 2014 सालच्या जुलै महिन्याच्या 17 तारखेला स्किफोलहून क्वालालंपूरकडे निघालेले एक प्रवासी विमान पूर्व युक्रेनच्या आकाशात क्षेपणास्त्राने पाडण्यात आले. 298 माणसे गेली; त्यांत सुट्टीला निघालेली सबंध कुटुंबे होती, लेकरे होती. त्यांच्या स्मरणार्थ येथे 298 झाडे लाविली आहेत, प्रत्येक जीवामागे एक. 2017 साली, बरोबर तीन वर्षांनी, हे स्मारक खुले झाले. वरून पाहता झाडांची ओळ स्मरणफितीच्या आकाराची दिसते. विमान जेथे कोसळले, तेथे सूर्यफुलांची शेते होती. म्हणून मध्यभागी सूर्यफुले लावितात. झाडे अद्याप तरुण आहेत. एका झाडापाशी कोणी लहान मुलाचे खेळणे ठेविलेले असते, दुसऱ्यापाशी वाळलेला हार. तेथे फिरताना कोणी मोठ्याने बोलत नाही. आणि थोड्या थोड्या वेळाने स्किफोलहून उठलेले विमान डोक्यावरून जाते.

पुढचा थांबा होफडोर्पच्या मोठ्या रुग्णालयासमोरचा. बसथांबा म्हणजे चार खांब व वर पत्रा, ही आपली कल्पना तेथे कोसळते. 2003 साली बांधलेला हा थांबा सुमारे 50 मीटर लांब असून पांढराशुभ्र, वळणावळणाचा व पोकळ आहे. वस्तू वेष्टनात घालताना वापरतात त्या हलक्या फेसाळ पदार्थापासून तो घडविलेला आहे. त्यास टोपणनावच ‘देवमाशाचा जबडा’ असे पडले आहे. त्याच्या आत बसची वाट पाहत बसलेली माणसे पाहिली की योना संदेष्ट्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. मात्र येथे तीन दिवस राहावे लागत नाही. पाच-सात मिनिटांत सुटका होते. रुग्णाला भेटावयास आलेली एखादी आई त्या विचित्र छपराखाली क्षणभर हसते, एवढे काम जरी त्या शिल्पज्ञाने केले असले तरी पुष्कळ झाले.

होफडोर्प म्हणजे ‘मुख्य गाव’. मूळ नाव क्रौसडोर्प, अर्थात ‘क्रूसाचे गाव’; कारण मुख्य कालवा व मुख्य रस्ता येथे एकमेकांस क्रूसासारखे छेदतात. दीडशे वर्षांपूर्वी चिखलात उभ्या राहिलेल्या या गावाची आज नगरी झाली आहे. येथील स्टेशनावर आगगाडीतून उतरलेले उतारू भरून बस पुढे निघते, आणि थोड्याच वेळात आकाश मोठे होऊ लागते.

स्किफोलवर 1916 साली पहिली लष्करी विमाने उतरली, ती एका शेतकऱ्याकडून घेतलेल्या ओलसर कुरणात. ‘स्किफोल’ म्हणजे जहाजांचे मरणविवर, कारण जुन्या सरोवराच्या या कोपऱ्यात वादळात जहाजे बुडत, अशी लोककथा आहे. भाषेचे जाणकार मात्र या नावाची वेगळीही उपपत्ती देतात. जेथे एके काळी जहाजे तरंगत होती, त्याच जागेच्या तळावर आज विमाने उतरतात, हे मात्र खरेच. सध्याची मुख्य इमारत 1967 साली सुरू झाली. 2019 साली या विमानतळावरून 7 कोटी 17 लाख प्रवाशांनी ये-जा केली. आगगाडीचे स्टेशन इमारतीच्या खालीच, भूमीच्या पोटात आहे. बस अगदी दाराशी उभी राहते. आतल्या भागात सर्व धर्मांच्या प्रवाशांसाठी एक प्रार्थनेची जागाही राखलेली आहे.

येथे बसचे खरे स्वरूप कळते. आम्हांस वाटते, विमानतळाची बस म्हणजे विमानाने जाणाऱ्यांची बस. आत नजर टाकावी, तर पेटीवाले थोडेच. अधिक भरणा हातात डबा व गळ्यात ओळखपत्र असलेल्यांचा. सामान उचलणारे, जमीन पुसणारे, भांडी धुणारे, पहारेकरी, परिचारिका, दुकानांतील मुली. विमाने पहाटे सुटतात, म्हणजे त्यांचे काम त्याआधी सुरू होते. विमाने रात्री उशिरा उतरतात, म्हणजे ते त्यानंतर घरी जातात. पूर्वी यांपैकी कित्येकांना आधी आम्स्टरडॅमच्या मध्यभागी जाऊन, तेथून गाडी बदलून, पुन्हा बाहेर यावे लागे. दोन शेजारच्या गावांतील माणसांना भेटावयास राजधानीची प्रदक्षिणा! स्पर्शिकेने ही प्रदक्षिणा वाचविली. रात्रीही, फेऱ्या विरळ करून का होईना, या वाटेवर बस चालत राहते. ज्याच्याजवळ मोटार नाही, त्याला रात्रीची पाळी करता येते ती अशा बसच्या भरवशावर. 2018 पासून या परिसरात विजेवर चालणाऱ्या 100 जोडबस आल्या. त्यामुळे धूर व आवाजही कमी झाला.

विमानतळाने दिले तसे घेतलेही. जवळच रेइक नावाचे एक खेडे होते. सरोवर कोरडे झाल्यावर वसलेले, शेतकऱ्यांचे. गेल्या शतकाच्या मध्यानंतर विमानतळ वाढवावयाचा ठरला, तेव्हा ते खेडे उठविण्यात आले. घरे गेली, शेते गेली, आज तेथे कचेऱ्या आहेत. पाटीवर नाव तेवढे उरले आहे. ज्या आजोबांनी पाण्याच्या तळातून शेत काढले, त्यांच्या नातवांना ते विमानांसाठी सोडावे लागले. धरण, बंदर वा विमानतळ यांसाठी ज्यांच्या गावांवर रेघ ओढली गेली आहे, अशा आमच्या वाचकांना यावर भाष्य नको.

विमानतळ सोडल्यावर बस धावपट्टीखालच्या बोगद्यातून बाहेर पडते. पुढे आम्स्टलव्हेन. हे नीटनेटके, झाडाझुडपांचे गाव; आणि आश्चर्य म्हणजे येथे बसमध्ये अकस्मात हिंदी, तेलुगू, तमिळ व मराठीही कानी पडते. संगणकाच्या व्यवसायानिमित्त आलेल्या भारतीय कुटुंबांची येथे मोठी वस्ती आहे. ‘अगं, छत्री विसरलीस की काय?’ हे वाक्य समुद्रपातळीखालच्या त्या देशात ऐकले, की प्रवाशाच्या मनात काय होते, हे ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांनीच समजून घ्यावे.

नंतर आम्स्टल नदी. हिच्यावर बांध घातला म्हणून आम्स्टरडॅम. नदीकाठी औडरकेर्क नावाचे जुने खेडे आहे, आणि तेथे 1614 पासूनचे यहुदी लोकांचे कबरस्तान. पोर्तुगाल व स्पेन येथील धर्मछळातून पळून आलेल्या कुटुंबांनी ही जागा विकत घेतली. दगडांवर पोर्तुगीज नावे कोरलेली आहेत. गोव्यातील वाचकाला ती परकी वाटणार नाहीत. ज्या देशाने आपल्या कॅथलिकांना उघड मिस्सा करू दिली नाही, त्याच देशाने या निर्वासितांना मृतांसाठी भूमी दिली. आणि ज्यांनी त्यांना पळवून लावले, ते आपल्याच धर्माचे होते. इतिहास कोणाही एकाच्या बाजूने बोलत नाही, हे मान्य करण्यातच शहाणपण आहे.

शेवटचा थांबा बेल्मर. 1966 साली येथे नव्या नगराची उभारणी सुरू झाली. मधमाशांच्या पोळ्यासारख्या कोनांत उभ्या केलेल्या दहा-दहा मजली इमारती, मध्ये हिरवळ, मोटारींसाठी वेगळे उंच रस्ते. कागदावर हे स्वर्गच होते. ज्यांच्यासाठी बांधले ते मध्यमवर्गीय लोक फारसे आले नाहीत. 1975 साली सुरिनाम स्वतंत्र झाले आणि तेथून आलेल्या हजारो लोकांना ही घरे मिळाली. त्यांत आपल्याच बिहार व उत्तर प्रदेशातून 1873 पासून मजुरीसाठी नेलेल्या लोकांचे वंशज होते. बसमध्ये शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाईने मला ‘कहाँ के हो?’ असे विचारले, ते आमच्या हिंदीहून वेगळ्या, जुन्या भोजपुरी वळणाच्या बोलीत. ती कधी भारतात आली नव्हती; तिची आईही नाही. शब्द मात्र दोन समुद्र ओलांडून आले होते.

बेल्मरवर 1992 सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या 4 तारखेला, रविवारी संध्याकाळी, स्किफोलहून उडालेले एक मालवाहू विमान दोन यंत्रे गळून पडल्यामुळे परत फिरत असता कोसळले, ते नेमके दोन इमारतींच्या जोडावर. 43 जण मृत्यू पावले. त्यांपैकी 39 आपापल्या घरात अथवा घराजवळ होते. कागदपत्रे नसलेले लोकही तेथे राहत असत, म्हणून मृतांची गणती खरी किती, ही शंका पुढे कित्येक वर्षे राहिली. जवळचे एक झाड आगीतून वाचले. लोक त्यास ‘सर्व काही पाहिलेले झाड’ म्हणतात. त्याच्याभोवती स्मारक आहे, आणि जमिनीवर रहिवाशांनी स्वतः तयार केलेल्या रंगीत तुकड्यांच्या फरश्या.

बेल्मरमध्ये आणखी एक गोष्ट घडली. घाना आदी आफ्रिकी देशांतून आलेल्या ख्रिस्ती लोकांना उपासनेस जागा नव्हती. इमारतींखालील मोटारी ठेवण्याच्या रिकाम्या मजल्यांत त्यांनी आपली मंदिरे थाटली. बाहेर सिमेंटचे खांब, आत गीते. मार्गाच्या आरंभी, हार्लेममध्ये, गुदामांत लपून उपासना करणारे कॅथलिक आठवले. मार्गाच्या शेवटी हे आफ्रिकी बांधव. चार शतकांचे अंतर, परंतु गरज तीच.

आता हा मार्ग एकदा पुन्हा दृष्टीसमोर आणावा. एका टोकाजवळ 298 झाडांची रांग, दुसऱ्या टोकाजवळ एकच वाचलेले झाड, आणि दोहोंच्या मध्ये विमानतळ. जगाला जवळ आणणाऱ्या वाहनाची ही दोन्ही ऋणे तेथील लोकांनी लपवून ठेविली नाहीत. झाडे लावून, नावे कोरून ती नोंदविली. आणि त्याच भूमीवरून, पाण्याच्या पातळीखालून, दर दहा मिनिटांनी एक बस जाते; श्रीमंत प्रवासी व त्याच्या मागे जमीन पुसणारी बाई या दोघांना एकाच भाड्याने, एकाच आसनावर बसवून.

आपल्या गावाला रस्ता येणार, विमानतळ येणार, अशी भाषणे आपणही ऐकतो. ती ऐकताना दोन साधे प्रश्न विचारावेत. या रस्त्यासाठी जो उठला, त्याचे नाव कोठे लिहून ठेवले आहे काय? आणि रात्रीच्या पाळीहून परतणाऱ्याला घरी नेणारी शेवटची बस किती वाजता आहे? या दोहोंची उत्तरे ज्या गावाजवळ आहेत, त्या गावात माणसांचा हिशेब ठेवला जातो असे समजावे.